निश्चय आणि संकल्प : एरचची कथा व गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'

झाशीच्या ईशान्येस, बेतवा नदीच्या काठी, एरच नावाचे एक जुने गाव आहे. पाली वाङ्मयात दशार्ण देशातील 'एरकच्छ' नगराचा उल्लेख येतो, ते नगर म्हणजे हेच एरच होय असे मानले जाते. अकबराच्या राजवटीत आग्रा सुभ्यातील एका सरकारचे नाव या गावावरून 'एरिज' असे पडलेले होते. येथे सापडलेली प्राचीन नाणी आणि राजांची नावे कोरलेल्या विटा यांनी इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष वेधून घेतले आहे. परंतु बुंदेलखंडातील सामान्य माणसाला एरच ठाऊक आहे ते नाण्यांमुळे नव्हे. ही हिरण्यकशिपूची राजधानी, येथील डोंगरावरून प्रल्हादाला बेतवेच्या पात्रात ढकलून देण्यात आले, होळीचा पहिला अग्नीही येथेच पेटला, अशी तेथील परंपरागत श्रद्धा आहे. या कथेवर हक्क सांगणारी दुसरीही गावे आहेत. मुलतानला प्रल्हादपुरीचे देवालय होते; आंध्रातील अहोबिलम् नरसिंहाचा अवतार आपल्या डोंगरात झाला असे सांगते. एकच कथा इतक्या दूरदूरच्या स्थळांना आपली वाटावी, यात तिच्या स्वरूपाविषयी एक महत्त्वाची सूचना आहे. तिचा विचार पुढे करावयाचा आहे.

मराठी मनात प्रल्हाद वसला तो कीर्तनातून आणि आख्यानकाव्यातून. मोरोपंतांसारख्या पंडित कवीलाही 'प्रल्हादविजय' रचावासा वाटला. या साऱ्या परंपरेने प्रल्हादाचा एकच गुण ठसठशीत केला, तो म्हणजे निश्चय. पुढे आख्यानाची जागा शालेय पाठाने घेतली, पाठाची जागा व्याख्यानाने घेतली, आणि आज पुस्तकांच्या दुकानांत यशःप्राप्तीचे मार्ग सांगणाऱ्या ग्रंथांची जी रास दिसते तिच्यात प्रल्हाद व ध्रुव ही दोन बालके हटकून भेटतात. ध्येय ठरवा, त्यावर दृष्टी खिळवा, आड येईल ते तुडवीत चला, आणि पाहा, प्रल्हादाला अग्नी जाळू शकला नाही, असा या ग्रंथांचा युक्तिवाद असतो. वैयक्तिक ध्येय साधण्यासाठी लागणारी मनोवृत्ती कशी घडते, हा प्रश्न क्षुद्र नाही. ज्या समाजात पिढ्यान्पिढ्या माणसाचे आयुष्य जन्मानेच आखले जात होते, त्या समाजात तर तो प्रश्न मुक्तीइतकाच गंभीर आहे. म्हणूनच त्याला दिले जाणारे उत्तर तपासून घेतले पाहिजे.

भागवताच्या सातव्या स्कंधातील मूळ कथा वाचली की पहिली अडचण उभी राहते. प्रल्हादाची मनोवृत्ती घडतच नाही. आईच्या उदरात असतानाच नारदाचा उपदेश त्याच्या कानी पडलेला आहे. तो जन्मतो तोच पूर्ण होऊन. हत्ती, सर्प, विष, कडेलोट या सर्व प्रसंगांतून तो जसा होता तसाच बाहेर येतो. (होलिकेचा प्रसंग भागवतात नाही; तो लोककथेने मागाहून जोडला आणि सर्वांत लोकप्रिय तोच झाला.) दुसरी अडचण याहून मोठी आहे. प्रल्हादाला कोणतेही ध्येय नाही. नरसिंह प्रसन्न होऊन वर माग म्हणतो तेव्हा हा मुलगा संकोचतो. काही मिळवण्यासाठी जो सेवा करतो तो सेवक नसून वाणी होय, अशा आशयाचे उत्तर देतो, आणि मनात इच्छेचा अंकुरच फुटू नये एवढेच मागतो. त्यानंतर वडिलांना सद्गती मिळावी अशी प्रार्थना करतो. ज्याने इच्छेलाच नकार दिला त्याला इच्छापूर्तीचा आदर्श म्हणून उभे करणे, हा कथेवरचा अन्याय आहे आणि वाचकावरचाही.

ध्रुवाची गोष्ट निराळी. त्याला खरोखरच काही हवे आहे. सावत्र आईने बापाच्या मांडीवरून हिणवून उतरवले, त्या अपमानातून त्याची इच्छा जन्मली आहे, आणि बापालाही लाभले नाही असे पद त्याला हवे आहे. नारद त्याला आधी परावृत्त करू पाहतो. तो ऐकत नाही. येथे मनोवृत्ती घडताना दिसते. पण चौथ्या स्कंधातील या आख्यानाचा शेवट यशाच्या ग्रंथांत क्वचितच सांगितला जातो. पद मिळवून घरी परतताना ध्रुव खिन्न आहे. आपण मागितले ते फार थोडे मागितले, दात्याच्या मानाने क्षुल्लक मागितले, ही जाणीव त्याला टोचत राहते. भागवतकाराला माणसाच्या आकांक्षेचे मर्म कळले होते असे म्हणावे लागते. ध्येय गाठणारा माणूस आणि ध्येय ठरवणारा माणूस हे एकच राहत नाहीत, हे त्याने पाच वर्षांच्या मुलाच्या मुखाने सांगून टाकले.

तात्पर्य, निश्चय हा शब्द या प्रश्नाला पुरा पडत नाही. आपल्या भाषेत दुसरा एक शब्द आहे, तो अतिपरिचयाने झिजला आहे: संकल्प. आज संकल्प म्हणजे नववर्षाच्या पहिल्या दिवशी केलेला आणि पहिल्या आठवड्यात मोडलेला निर्धार, एवढाच अर्थ उरला आहे. परंतु धर्मकृत्यातला संकल्प पाहावा. यजमान आसनावर बसतो. काय करणार ते सांगण्यापूर्वी त्याला आपण कोठे व केव्हा बसलो आहोत हे उच्चारावे लागते. द्वीप, वर्ष, देश, गोदावरीचा कोणता तीर. संवत्सर, अयन, ऋतू, मास, तिथी, वार, नक्षत्र. मग गोत्र, नाव. आणि सर्वांच्या शेवटी इच्छा. ती उच्चारून झाली की उजव्या तळहातावरून पाणी सोडावयाचे. निश्चयाला देशकाल नसतो; तो सर्वत्र आणि सर्वकाळ सारखाच. म्हणूनच प्रल्हादाची कथा मुलतानलाही बसते, अहोबिलमलाही बसते आणि एरचलाही बसते. संकल्प मात्र स्थळ बदलले, दिवस बदलला की नव्याने उच्चारावा लागतो. कालचा आज चालत नाही.

हा भेद केवळ शब्दांचा खेळ वाटू नये, म्हणून मराठीतील एका पुस्तकाकडे वळणे इष्ट आहे. एरच ज्या मुलखात आहे, त्याच झाशी आणि काल्पी यांच्या दरम्यानच्या मुलखातून १८५८ च्या उन्हाळ्यात एक कोकणी भिक्षुक जीव मुठीत धरून पायी चालला होता. त्याचे नाव विष्णुभट गोडसे. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील पेणजवळचे वरसई हे त्याचे गाव. घरात दारिद्र्य, डोक्यावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथे विद्वान ब्राह्मणांस भरघोस दक्षिणा मिळणार, ही वार्ता कानी आली आणि १८५७ साली काका रामभट यांच्यासह तो उत्तरेकडे निघाला. तो देश पाहायला, पराक्रम करायला किंवा इतिहासाचा साक्षी व्हायला निघालेला नव्हता. कर्ज फेडण्याइतके द्रव्य मिळवावे, हा त्याचा हेतू होता. याहून निखळ 'वैयक्तिक ध्येय' शोधून सापडणार नाही.

पुढे काय घडले ते महाराष्ट्राला परिचित आहे. वाटेतच महूच्या परिसरात शिपायांकडून बंडाची कुणकुण लागली. ग्वाल्हेर, मग झाशी. २१ मार्च १८५८ रोजी सर ह्यू रोजची फौज झाशीपुढे आली. १ एप्रिलला बेतवेच्या काठी तात्या टोपे यांचा पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले आणि कत्तल व लूट सुरू झाली. गोडसे तेव्हा शहरातच होते. तेथून सुटका, काल्पीकडची वाट, चित्रकूट, ब्रह्मावर्त, अयोध्या, काशी, आणि सुमारे अडीच-तीन वर्षांनी वरसई. मिळवलेले द्रव्य एकदा नव्हे, अनेकदा लुटले गेले. घरी आले ते मुख्यतः गंगोदकाची कावड घेऊन. तिच्यातील पाण्याने त्यांनी मातापित्यांना स्नान घातले. या साऱ्याची हकीगत त्यांनी १८८० नंतरच्या दशकात चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून लिहून काढली, आणि लेखकाच्या पश्चात, १९०७ मध्ये, ती वैद्यांनी प्रसिद्ध केली.

'माझा प्रवास'चे वाचन आजवर बहुतांशी एकाच अंगाने झाले आहे. सत्तावनच्या उठावाचा एतद्देशीय साक्षीदार म्हणून गोडसे यांना कठड्यात उभे करावयाचे, त्यांची जबानी अन्य साधनांशी ताडून पाहावयाची, ऐकीव कोणते व पाहिलेले कोणते हे निवडावयाचे. इतिहासकाराने हे केलेच पाहिजे. परंतु साहित्यसमीक्षेनेही तेवढ्यावर थांबावे, हे चमत्कारिक आहे. लेखनकृती म्हणून या पुस्तकाचा कणा उठाव हा नाही. एका माणसाची इच्छा आणि तिच्यावर कोसळलेला काळ यांचा संबंध, हा आहे. त्या दृष्टीने पाहिले तर आजवर ज्यांना विषयांतरे म्हटले गेले त्या भागांचाही अर्थ लागू लागतो.

पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी की, येथे इच्छा एकट्याची नाही. वडिलांची अनुज्ञा मिळावी लागते आणि ती सहजासहजी मिळत नाही. सोबत काका आहेत, त्यांना प्रवासाचा अनुभव आहे. मिळकत यजमानाच्या हाती आहे. याच सुमारास, १८५९ मध्ये, सॅम्युअल स्माइल्सचा 'सेल्फ हेल्प' लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या मध्यमवर्गाला स्वावलंबनाचा मंत्र मिळाला. त्या ग्रंथातील माणूस स्वतःच्या बळावर चढत जातो. त्याच्या मागे घर असलेच तर ते मागे टाकण्यासाठी असते. गोडसे यांचे घर प्रत्येक मुक्कामावर त्यांच्याबरोबर आहे. दक्षिणेचे आकडे ते बारकाईने नोंदवतात, आणि कित्येक वाचकांना त्यात भिक्षुकी लोभ दिसला आहे. ही टीका वरवरची आहे. तो हिशेब कर्जाचा आहे. ज्याला फेडावयाचे असते त्याला मोजावेच लागते, आणि इच्छेला ठाव राहतो तो अशा मोजण्यानेच. स्वप्नाळू ध्येयवादी माणूस मोजत नाही, म्हणून त्याला आपण किती दूर आलो हेही कळत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. धंद्याने हा मनुष्य इतरांचे संकल्प सांगणारा आहे. यजमान बदलतो, गाव बदलते, नदी बदलते, आणि भटजी प्रत्येक वेळी नव्या देशकालाचा उच्चार करून कृत्याला आरंभ करतो. ही सवय त्याच्या गद्यात उतरली आहे. लुटीनंतर लूट झाली, तरी गोडसे झालेल्या नुकसानीवर पानेच्या पाने शोक करीत बसत नाहीत. आपण आता कोठे आहोत, तिथी कोणती, जवळ काय उरले, सोबत कोण आहे, पुढचे क्षेत्र कोणते, हे सांगून ते चालू लागतात. या वृत्तीला धैर्य म्हणता येईल, पण तो शब्द फार मोठा आहे. भीती तर ते पावलोपावली कबूल करतात. लपून बसलेल्या माणसाची तहान, दाराशी वाजणारे बूट, शेजारच्या घरातील आक्रोश, यांचे त्यांचे वर्णन वीराचे नाही. भ्यालेला माणूसही दुसऱ्या दिवशी आपला देशकाल उच्चारू शकतो, इतकेच या पुस्तकातून प्रत्ययास येते, आणि ते थोडे नाही.

तिसरी गोष्ट विषयांतरांची. झाशीत असताना गोडसे काय काय पाहतात व ऐकतात! गंगाधररावांविषयीच्या वदंता, राणीची दिनचर्या, नगरातील देवळे, एका शास्त्र्याच्या निषिद्ध संबंधावरून उसळलेला जातीचा तंटा, खाणेपिणे, बाजार. द्रव्यार्जनाच्या हेतूशी यातील कशाचाही संबंध नाही. ध्येयावर दृष्टी खिळवलेल्या माणसाला हे दिसलेच नसते. अर्जुनाला पोपटाचा केवळ डोळा दिसला, हे धनुर्विद्येच्या परीक्षेत शोभते. गद्यलेखकाला ती एकाग्रता मारक आहे, आणि जगणाऱ्यालाही ती नेहमीच तारक नसते. गोडसे वाचले ते अनेकदा आजूबाजूला लक्ष असल्यामुळे. कोणती गल्ली मोकळी आहे, कोण माणूस विश्वासाचा आहे, हे कुतूहल असलेल्यालाच माहीत असते. या पुस्तकाचे वाङ्मयीन बळ आणि लेखकाचे प्राण, दोन्ही एकाच गुणावर तरले आहेत. मात्र हेही म्हटले पाहिजे की या कुतूहलाला त्यांच्या काळाच्या आणि जातीच्या मर्यादा आहेत. ज्या तंट्याची हकीगत ते रंगवून सांगतात, त्यातील स्त्री त्यांच्या लेखी कथेचे निमित्त आहे, व्यक्ती नव्हे.

काल्पीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. पराभूत, धुळीने माखलेली, तहानेने व्याकुळ झालेली राणी विहिरीपाशी भेटते. भटजी पाणी काढून देऊ म्हणतात. ती त्यांना, विद्वान ब्राह्मणाला, तसे करू देत नाही, स्वतःच पाणी काढते. राणीच्या थोरवीचे उदाहरण म्हणून हा प्रसंग वारंवार उद्धृत होतो. परंतु त्यात दोन संकल्प समोरासमोर उभे आहेत, याकडे लक्ष गेलेले नाही. एकीचे राज्य गेले आहे, दुसऱ्याची दक्षिणा. दोघांच्याही हाती, त्या घटकेस, विहिरीच्या पाण्याखेरीज काही नाही. तरी तिने राजकुलाचा आणि त्याने भिक्षुकाचा आचार सोडलेला नाही. ध्येय हातून निसटल्यावर माणसाजवळ काय राहते, या प्रश्नाचे इतके निरलंकार चित्र मराठी गद्यात विरळा आहे. गोडसे त्यावर भाष्य करीत नाहीत, हे त्यांचे वाचकावर उपकारच आहेत.

आणि कावड. द्रव्यासाठी निघालेला माणूस पाणी घेऊन परततो. हा पालट साक्षात्काराच्या थाटात मांडलेला नाही. द्रव्याची इच्छा वाईट होती, गंगेची चांगली, असा उपदेशही नाही. काशीहून कोकणापर्यंत खांद्यावर पाणी वाहून नेणे ही काही मनाची समजूत घालण्याची युक्ती नव्हे; ते शेकडो कोसांचे श्रम आहेत. तरीही एक शंका उरतेच. हकीगत लिहिली गेली ती दोन तपांनंतर, शेवट काय झाला ते ठाऊक असलेल्या माणसाकडून. मातापित्यांना गंगास्नान घालण्याचे महत्त्व आरंभापासून तेवढे होते, की ते मागाहून वाढले? मागे वळून पाहणारी प्रत्येक आत्मकथा आपल्या इच्छेला सरळ रेषेत आणू पाहते, आणि गोडसे त्याला अपवाद असण्याचे कारण नाही. परंतु कर्जाची गोष्ट त्यांनी पुसून टाकलेली नाही. गंगेच्या पावित्र्याखाली ती सहज झाकता आली असती. फसलेला पहिला हेतू जसाच्या तसा ठेवून दुसरा सिद्धीस नेल्याचे सांगणे, हा या आत्मकथेचा प्रामाणिकपणा होय.

या ठिकाणी आणखी एका कोकणी माणसाची आठवण होणे अपरिहार्य आहे. झाशी पडली त्याच एप्रिल १८५८ मध्ये धोंडो केशव कर्वे यांचा जन्म झाला. १८७५ साली परीक्षेसाठी ते मुरुडहून सातारपर्यंत, सुमारे ११० मैल, पावसापाण्यात घाट चढून चालत गेले. हा प्रसंग शाळाशाळांतून चिकाटीचा धडा म्हणून सांगितला जातो. पण तेथे पोहोचल्यावर वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही, हा भाग सांगताना पुष्कळांचा आवाज खाली येतो. कर्व्यांनी 'आत्मवृत्त' (१९१५) लिहिले ते मात्र अत्यंत संथ, हिशेबी भाषेत. तेथे अपयशाला ना अश्रू आहेत ना झालर. गोडसे व कर्वे यांच्यात विचाराने दोन युगांचे अंतर आहे. एक जुन्या धर्माचा वाहक, दुसरा त्या धर्माच्या विधवेवरील जुलमाशी जन्मभर झगडणारा. पण इच्छेकडे पाहण्याची त्यांची रीत एकाच मातीतली आहे: ठरवावे, मोजावे, घरच्यांना सांगावे, पायी निघावे, न जमल्यास परत येऊन पुन्हा तिथी पाहावी. यशाच्या ग्रंथांतील तेजस्वी शब्दसंभारापुढे ही रीत मचूळ वाटेल. दरिद्री घरातून निघणाऱ्याला मात्र तीच परवडते; एकदाच सर्वस्व पणाला लावण्याची चैन त्याच्याजवळ नसते.

या वाचनाला संपादनाच्या इतिहासाचाही आधार आहे. वैद्यांनी १९०७ मध्ये हे पुस्तक काढताना मूळ लेखनाची भाषा सारखी केली, काही गाळले, काही सावरले. राजद्रोहाचे भय त्या काळी खोटे नव्हते, आणि वैद्यांनी आग्रह धरला नसता तर हे लेखन झालेच नसते. तरी मूळ मोडी बाडावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये जी आवृत्ती सिद्ध केली, ती शेजारी ठेवली म्हणजे भाषेच्या परीटघडीत काय हरवले ते कळते. वैद्यांचे गोडसे मागे वळून शांतपणे बोलणारे वृद्ध गृहस्थ आहेत. पोतदारांच्या आवृत्तीतील गोडसे अजून वाटेवर आहेत, वाक्य संपण्याआधी पुढच्या गावाला लागणारे.

इतर भाषांतील वाचकांपर्यंत हे पुस्तक पोहोचले आहे. हिंदीत अमृतलाल नागर यांच्यासारख्या थोर कादंबरीकाराने ते आणले आणि त्याला 'आँखों देखा गदर' असे नाव दिले. इंग्रजीतही त्याची भाषांतरे झाली आहेत. नागरांच्या नावात प्रवासी नाहीसा झाला आणि त्याचे डोळे तेवढे उरले. वैद्यांनीही 'बंडाची हकीगत' हे उपपद जोडून त्याच दिशेने एक पाऊल टाकले होतेच. हिंदी वाचक, विशेषतः बुंदेलखंडातील वाचक, हे पुस्तक राणीसाठी उघडतो आणि त्यात त्याला राणी भेटते, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु झाशीहून काल्पीकडे जाणाऱ्या त्या वाटेवर, जेथे प्रल्हादाची कथा आजही सांगितली जाते, वरसईचे कर्ज डोक्यात वागवीत चाललेला जो माणूस आहे, त्याच्यासाठी मराठीत 'माझा' हा शब्द शिल्लक राहिला आहे. पुढच्या भाषांतरकाराने आरंभ त्या शब्दापासून करावा.